उताणा शिपाई

दोन हजार तेवीस साल. माझी उमर तेव्हा बहात्तर. माझी बायको, बुढी, म्हणते चौऱ्याहत्तर, पण तिच्या हिशेबाला मी किंमत देत नाही. स्वतःला ती कित्येक वर्षांपासून पासष्टवरच थांबवून बसली आहे.

धान कापून झाला होता. बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि गावोगावी मंडईच्या जत्रेचे भोंगे वाजू लागले होते. या दिवसांत मला काम नसतं. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवून गेलेले असतात, कानोबा पाण्यात शिरवून झालेले असतात, शारदाही शिरवलेली असते. मी छपरीत खाटेवर बसून रस्ता पाहतो. तर एक दिवस दारात पांढरी मोटार येऊन थांबली. पांढरी गाडी दारात थांबली की मी आधी कोण उतरतं ते पाहतो. का, ते पुढं सांगतो. त्या दिवशी गाडीतून उतरला तो कोहमाऱ्याच्या चौकातला ढाबेवाला. त्याला सगळे सेठ म्हणतात. हातात पुठ्ठ्याचा खोका होता.

"काका, नाजूक काम है," तो म्हणाला. "जमेल का?"

जमेल का, हा शब्द मला विचारू नये. मी त्याला बस म्हटलं नाही. चौथीतून शाळा सोडली तेव्हापासून माझ्या हातात ब्रश आहे. गोंदियात एका मूर्तीवाल्याकडं राहून शिकलो. नाटकाचे पडदे रंगवले, मूर्ती रंगवल्या, पंचक्रोशीतल्या पोरांचे नंदी रंगवले. माझ्या हातून आजवर एक नग बिघडला नाही. हे मी गावात सांगतो, बाजारात सांगतो, ऐकणारा उठून जाईपर्यंत सांगतो. सेठला पण सांगितलं. तो उभ्यानंच ऐकत राहिला, मग खोका उघडला.

आत स्पंजात गुंडाळलेले शिपाई होते. जुन्या काळचे. अंगरखा, पगडी, ढाल, भाला, कोणाच्या हाती तलवार. एकेक बोटाएवढा. पांढरेफट, रंगाचा थेंब नाही. त्याच्या जावयानं नागपुरात मशीनवर काढून घेतले म्हणे. ढाब्यात गल्ल्याच्या बाजूला काचेची पेटी बसवायची, तिच्यात लढाई मांडायची. जंगल पाहायला येणारी माणसं असतात, त्यांच्या पोरांना भाजी होईपर्यंत दम निघत नाही, तर पोरं लढाई पाहतील, असा त्याचा विचार. कोणाची लढाई, मी विचारलं. तो म्हणाला, जुनी. एवढंच ठरलं होतं. अर्ध्यांच्या पगड्या लाल, अर्ध्यांच्या पिवळ्या, म्हणजे कोण कोणाला मारतो ते समजेल.

मी दोन शिपाई उचलून उजेडात धरले. मग आणखी दोन. सगळ्यांचं तोंड एकच. तेच नाक, तीच मिशी, तीच हनुवटी.

"सेठ, हे सारे एकाच मायचे का?"

तो हसला. "म्हणून तर तुमच्याकडे आलो. मशीनला तोंडं येत नाहीत. तुम्ही वेगळी करा."

हे बोलणं मला आवडलं. मी त्याला खाटेवर बसवलं, आणि बुढीला चहा टाकायला सांगितलं.

बोटाएवढं माणूस रंगवणं म्हणजे काय, ते थोडं सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. नुसता रंग भरला तर ते खेळणं दिसतं. माणूस दिसायला सावली लागते. आधी अंगाचा, कपड्याचा रंग चढवायचा. वाळला की तपकिरी रंगात पाणी घालून इतका पातळ करायचा की तो आपसूक वाहत जाऊन चुण्यांत, नाकाच्या बाजूला, ओठाखाली साचतो. त्याला मी काळं पाणी म्हणतो. ते वाळलं की ब्रश कापडावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उजळ रंगानं फक्त उंचवट्यावरून फिरवायचा. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड. तिथं उजेड बसतो आणि प्लास्टिकच्या जागी हाडामांसाचं काही तरी उभं राहतं. तोंड एकाच साच्याचं असलं तरी सावली इकडची तिकडं केली की एक खप्पड होतो, दुसरा गुबगुबीत, तिसरा रागीट.

आणि सगळ्यात शेवटी डोळे. बोरीचा ताजा काटा घ्यायचा, त्याच्या टोकानं पांढरा टेकवायचा, मग काळा. याला आम्ही डोळे उघडणं म्हणतो. मला शिकवणारा मूर्तीवाला फार बोलत नसे, पण एक नेम त्यानं पक्का लावला होता. तोंडाला रंग लावला त्याच दिवशी, दिवा लावायच्या आत डोळे उघडायचे. तोंड झालं आणि डोळे राहिले असं रात्रभर ठेवायचं नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी पन्नासाहून जास्त वर्षं तो नेम पाळला. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा दोन कानोब्यांचे डोळे उघडून मगच हळद लावून घेतली.

एवढ्या शिपायांना वेगवेगळी तोंडं आणायची कुठून? मनातून काढलं तर चार-पाचांनंतर तेच ते येतं. म्हणून मी गावातली माणसं घेतली. केस कापणारा घेतला, कोतवाल घेतला, मळणीयंत्रावरचा तिरळा घेतला, मेलेला साळा घेतला. कोणाला सांगितलं नाही. पण बुढी संध्याकाळी चहा घेऊन आली की परातीतल्या शिपायांकडं पाहून एकेकाला ओळखायची.

"अवं, हा तर माहा भाऊ," ती म्हणाली. "याच्या हाती भाला देला तुमी? हा बायकोले भेत होता."

तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो. त्यात काही वाईट आहे असं मला वाटलं नाही. सगळे उभे होते, धावत होते, हात उगारून होते.

आता पांढऱ्या गाडीचं सांगतो. माझी नातीन पोलिसात आहे. मुलाची मुलगी. तिनं भरतीचं मैदान मारलं तेव्हा मुलानं गावात पेढे वाटले आणि मी त्यातला एक खाल्ला नाही. मी म्हटलं, मास्तरीण हो, नर्स हो, दुकानात बस. ती म्हणाली, आबाजी, तुमचं कोणी ऐकलं नाही अन् तुमी कोणाचं ऐकलं नाही, मी तुमच्यावरच गेली. मी तिच्याशी बोलणंच बंद केलं. ती वर्दी घालून पाया पडायला आली तेव्हा उघडलं. वर्दी तिला चांगली दिसत होती, हे मी तिला सांगितलं नाही, बुढीला सांगितलं.

पुढं तिची बदली झाली ती पार जंगलातल्या चौकीवर. तिथं गोळ्या चालतात, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथं फोन लागत नाही. चौकीत पाण्याची टाकी आहे, तिच्या वरच्या पायरीवर गेलं की थोडा लागतो. दर रविवारी दिवा लावायच्या वेळी ती टाकीवर चढून फोन करते. मी त्या वेळी मुद्दाम घरामागच्या सांदवाडीत जाऊन कुंपण नीट करत बसतो. मग ती म्हणते, आबाजीले द्या, आणि बुढी हाक मारते, आणि मी हात धुऊन सावकाश येतो. पण रविवार सोडून बाकीचे दिवस माझं लक्ष रस्त्यावर असतं. साहेब लोक पांढऱ्या गाडीतून येतात. वाईट सांगायला फोन करत नाहीत, घरी येतात, असं मी ऐकलं आहे.

तर शिपाई होत आले. सेठ पाहायला आला. परातीतली फौज पाहून खूश झाला, मग डोकं खाजवू लागला.

"काका, मेला कोणीच नाही."

मी म्हटलं, मशीननं मेलेला काढलाच नाही तर मी कुठून आणू.

"लढाई है, बारात नाही," तो म्हणाला. "चार मेलेले लागतात. जावयाला सांगितलं होतं, ते आज आले."

त्यानं खिशातून पुडी काढली. चार पडलेले शिपाई होते. तीन पालथे, तोंड मातीत. चौथा उताणा. एक गुडघा मोडलेला, डोकं जरा कलतं, डोळे मिटलेले. मी म्हटलं, हे मी करत नाही. तो म्हणाला, काऊन, जमत नाही का? पुन्हा तोच शब्द. बुढी आतून ऐकत होती. तिनं दारातून मान हलवून मला नाही म्हण असं सांगितलं, ते मी पाहिलं. मी त्याच्या हातून पुडी घेतली. आलेलं काम परत केलं असं माझ्या नावावर लागू द्यायचं नव्हतं. तो म्हणाला, बुधवारी सकाळी येतो अन् सारे नेतो.

शनिवारी दुपारी मी ते चार घेतले. पालथ्यांना वेळ लागला नाही. पाठीचा अंगरखा, पगडी, थोडी माती. तोंडच नाही, तर डोळ्यांची भानगड नाही. उताण्याचं मी आधीच ठरवलं होतं. याला कोणाचं तोंड द्यायचं नाही. गावातलं नाही, घरातलं नाही, जिवंताचं नाही, मेलेल्याचं नाही. नुसतं नाक-तोंड.

रंग चढवला. वाळला. काळं पाणी सोडलं. ते साचत होतं तेवढ्यात सवयीनं मी त्याला उभा धरला, इतके दिवस सगळ्यांना धरत होतो तसा. कोरडा ब्रश घेतला, कपाळावरून फिरवला, गालावरून फिरवला, हनुवटीवर टेकवला. डाव्या भुवईत जरा रंग लागला नाही, तिथं खाच राहिली. म्हटलं राहू दे. मग हात लांब करून पाहिलं.

ती माझी नातीन होती.

हनुवटीचा खळगा तिचा. गाल तिचा. डाव्या भुवईतली खाच तर तिचीच. चार-पाच वर्षांची असताना तान्ह्या पोळ्यात ती नंदी घेऊन पळाली आणि मी रंगवलेल्या त्याच नंदीच्या शिंगावर पडली, तेव्हाची. वर मशीनची मिशी होती, तरी खाली तीच. मी काही आणायला गेलो नव्हतो. तिला लहानपणी आंघोळ घातली, केस विंचरले, ताप आला तेव्हा तोंडावरून हात फिरवला, ते हाताला पाठ असणार. मी नको म्हटलं म्हणून हात थोडाच थांबतो.

आणि डोळे मिटलेले होते.

बुढी चहा घेऊन आली. मी अंगठ्यानं त्याचं तोंड झाकलं. तिनं चहा खाली ठेवला, माझा अंगठा धरून बाजूला केला आणि पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तिले मिशी काऊन काढली?"

म्हणजे मला भास झाला नव्हता.

मी स्पिरिटची बाटली उघडली. कापसाचा बोळा बुडवला. एकदा फिरवला असता तर सगळं तोंड पुसलं गेलं असतं आणि खाली पुन्हा मशीनचं पांढरं प्लास्टिक आलं असतं. बोळा तोंडाजवळ नेला आणि माझा हात तिथंच थांबला. तिचं तोंड मी पुसू? आपल्या हातानं? बुढीनं माझं मनगट धरलं होतं. ती म्हणाली, "नोको." ठेवावं तर ती मेलेली पडली आहे. पुसावं तर आपणच मिटवली. मी बोळा सांदवाडीत फेकून दिला.

तोपर्यंत दिवा लावायची वेळ झाली. तोंड झालं होतं आणि डोळे उघडले नव्हते. मिटलेल्याचे उघडायचे कसे? पहिल्यांदा तो नेम मोडला, आणि कोणावर, तर तिच्यावर. मी शिपायावर पितळेची वाटी पालथी घातली, म्हणजे दिसणार नाही. मग मला वाटलं, हे तर पुरल्यासारखं झालं. वाटी काढली. परातीत निजवला तर बाकीचे भाले घेऊन त्याच्या अंगावर धावत होते. शेवटी बुढीनं त्याला उचलून धान साठवायच्या ढोल्यावर ठेवलं, तिथं ती तिच्या औषधाच्या गोळ्या ठेवते.

दुसरा दिवस रविवार. मी सांदवाडीत गेलो नाही. खाटेवर, फोनजवळ बसलो. सुनेनं दिवा लावला. फोन आला नाही. मुलानं लावून पाहिला तर बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. असं याआधीही झालं होतं. पाऊस झाला, टॉवर बिघडला, डिझेल संपलं की फोन यायचा नाही, आणि मी कधी एवढं मनावर घेतलं नव्हतं. मुलगा म्हणाला, टॉवर बंद असन. मी त्याला ढोल्यावरचा शिपाई दाखवला. त्यानं तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला.

"बाबा, प्लास्टिक हाये हे. कायले घाबरता?"

"मी घाबरत नाही," मी म्हणालो. "तू सांग, कोनासारखा दिसते?"

त्यानं शिपाई जिथला तिथं ठेवला. पण ठेवताना दोन्ही हातांनी ठेवला, ते मी पाहिलं.

सोमवारी मी घरात शिरलो तर मुलगा टीव्हीवर बातम्या पाहत होता. मला पाहून त्यानं टीव्ही बंद केला. बातमीत काय होतं ते मला माहीत नाही. पण चालू टीव्हीची वाटली नसती एवढी भीती मला त्या बंद टीव्हीची वाटली. तोंडातली तंबाखू कडू लागली. बुढी म्हणाली, आपण आपल्या इकडच्या प्रतापगडच्या पहाडावर जाऊ, दोन्हीकडं डोकं टेकवू, महादेवाजवळ अन् दर्ग्यात. मी म्हटलं, मी कोणाजवळ मागायला जात नाही. ती म्हणाली, मी जाईन. मी म्हटलं, जा. ती गेली नाही, फोन सोडून कुठं जाणार? आम्ही दोघं त्या दिवशी एकमेकांवर बारीकसारीक गोष्टीवरून चिडत राहिलो. मीठ, पाणी, कोंबडी कोणी मोकळी सोडली. शिपायाचं नाव कोणी काढलं नाही. पण बुढी गोळी घ्यायला ढोल्याकडं जायची तेव्हा पदरानं हात पुसून जायची.

मंगळवारी दुपारी पांढरी जीप आली.

मी छपरीत होतो. ती वळणावर दिसली तेव्हापासून मला माहीत होतं की ती आमच्याच दारात थांबणार, आणि ती थांबली. पुढच्या काचेवर काही तरी लिहिलं होतं. मला वाचता येतं, हळू वाचतो, पण येतं. त्या वेळी एक अक्षर लागलं नाही. दार उघडलं. पॅन्ट-शर्टमधला माणूस उतरला. मला उठायचं होतं. बसलेल्याला सांगितलं असं नको, उभ्यानं ऐकू, एवढंच डोक्यात होतं. खाटेची कड धरून तिथंच राहिलो. बुढी दारात येऊन चौकट धरून उभी राहिली.

तो माणूस म्हणाला, "बाबाजी, आरोग्य केंद्राकडं रस्ता हाच ना?"

हातात ब्रश होता, त्यानंच मी पुढचं वळण दाखवलं. तो नमस्कार करून गेला. जीप दिसेनाशी झाली तेव्हा बुढी चौकटीशीच खाली बसली आणि मला म्हणाली, "त्याचं काई तरी करा. उद्या सेठ घेऊन जाईन, अन् मंग आपली पोट्टी ढाब्यात मरून पडून राहीन. लोकं जेवतीन अन् पाहतीन."

ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी आजपर्यंतचाच विचार करत होतो. काचेच्या पेटीत ती रोज पडलेली राहणार होती, वर्षानुवर्षं, आणि कोणीही येणारा-जाणारा बोट दाखवून म्हणणार होता, तो पाहा मेलेला.

त्याच संध्याकाळी सून दिव्यात तेल घालत होती, आणि फोन वाजला. मंगळवारी कधी वाजत नाही. मुलानं उचलला. त्याच्या तोंडाकडं मी पाहिलं आणि मला समजलं, तीच आहे. मी सांदवाडीत गेलो नाही, हातही धुतले नाहीत. त्याच्या हातून फोन घेतला.

"आबाजी, जेवले का?"

"इतक्या लौकर कोन जेवते?" मी म्हणालो.

ती म्हणाली, आत जंगलात गेलो होतो, शनिवारपासून, आताच आलो. खूप चाललो. पायाला फोड आले. आवाज तुटत होता. वर चढली का, मी विचारलं, टाकीवर?

"चढवत नाही, आबाजी. खालीच बसली हाये, टाकीच्या खांबाले टेकून. आज इथंच लागला फोन." मग म्हणाली, "तुमी काय रंगवून राहिले?"

मी म्हणालो, शिपाई. ती हसली आणि म्हणाली, मग चांगले रंगवा, आमची जात आहे. मग आवाज बारीक करून म्हणाली की परवा पहाटे पुन्हा आत जायचं आहे, या वेळी जास्त आत, रविवारी फोन येणार नाही, पुढच्या रविवारचंही सांगता येत नाही. घाबरू नका.

"मी कायले घाबरू?" मी म्हणालो.

"तुमी नाही घाबरत, माईत हाये. आजीले सांगा." आणि फोन तुटला.

मुलगा म्हणाला, पाहा बाबा, काही नव्हतं. सून हसत होती. बुढी हसली नाही, तिनं मला विचारलं, काऊन, आणखी काय म्हणाली? मी तिला परवाचं सांगितलं. ती उठली आणि ढोल्यावरून शिपाई आणून माझ्या खाटेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, छपरीत नीट उजेड आल्याबरोबर, मी पातं तापवून उताण्याला तो ज्या प्लास्टिकच्या चकतीला चिकटलेला होता तिच्यापासून सोडवलं. मिटलेल्या पापण्यांचे उंचवटे पात्याच्या टोकानं खरवडून सपाट केले. मागच्या साली तुटलेल्या एका मूर्तीच्या बैठकीचा काळा दगडासारखा तुकडा होता, त्याला शिपायाची पाठ टेकवली. मोडलेला गुडघा तसाच राहिला. चालून थकून टेकलेल्या माणसाचा असतो तसाच तो होता. आणि मग मला दिसलं की त्याच्या तोंडावरची सावली ओठाखाली, हनुवटीखाली बरोबर बसली आहे. निजलेल्याची सावली कानाकडं जाते. शनिवारी मी ती उभ्या माणसाची टाकली होती, म्हणूनच तो निजवला की खटकत होता. बोरीचा काटा तोडून आणला. पांढरं टेकवलं, काळं टेकवलं. बुढी बाजूला उभी होती. मिशी मी अंगाच्या रंगानं बुजवून टाकली. मग बुढीनंच त्याला वाळायला आतल्या खिडकीत नेलं आणि तोंड रस्त्याकडं करून बसवलं.

सेठ आला. परातीतले सगळे खोक्यात भरले, पडलेले पाहिले.

"उताणा कुठे है?"

"माह्या हातून बिघडला," मी म्हणालो.

तो माझ्याकडं पाहतच राहिला. सून भांडी घासता घासता थांबली. मुलगा दारात उभा होता, त्यानं मान वळवली. सेठनं विचारलं, तुमच्या हातून? आणि त्याला हसू आलं. माझ्या एवढ्या वर्षांच्या बढाया त्यानं ऐकल्या होत्या, कोहमाऱ्याच्या चौकातही ऐकल्या असतील. मी म्हटलं, सावली चुकली. तो म्हणाला, दाखवा तर खरं. मी म्हटलं, बिघडलेला माल मी दाखवत नाही.

"होते, काका," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "उमर झाली. हात थरथरते."

असं मला दुसरं कोणी बोललं असतं तर त्याचा खोका मी रस्त्यावर ठेवला असता.

"हो," मी म्हणालो, "थरथरते," आणि खोका मीच उचलून त्याच्या गाडीत नेऊन ठेवला.